आम्हा दोघींमधला धुरा

मी चौथी शिकले. नात अहमदपूरकडच्या एका लहानशा कॉलेजात माती-पाणी राखायचं शिकली. तीन खोल्या, वर पत्रे. तिनं प्रवेश घेतला तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "माती राखायला कॉलेज लागत न्हाई."

"मग आपली का वाहून जाती, आजी?"

का जाते ते मला माहीत होतं. आमचं रान रेणापूरजवळ, माळावरून ओढ्याकडे उतरतं. दिराशी वाटणी झाली तेव्हा ते उभं चिरलं. दोन्ही घरांना वरचा मुरूम आणि खालची काळी सारखी मिळाली. वाटणी बरोबर झाली, पण पट्ट्या इतक्या अरुंद, की आडवी पेरणी करायची तर बैल वळवण्यातच दिवस जावा. म्हणून सगळे उभं पेरतात, आणि पाणी त्याच ओळींतून माती घेऊन ओढ्याला जातं.

शेवटच्या वर्षी नातीला शेतावर प्रयोग करून दाखवायचा होता. तिनं आमचीच पट्टी घेतली. पाणी भरलेली नळी घेऊन आली, गवंडी जोतं पाहायला वापरतात तसली. सारख्या उंचीवर खुंट्या ठोकत गेली आणि वीस पावलांत धुऱ्याला, म्हणजे दोन रानांमधल्या बांधाला, अडली. तिचे सर येऊन बघून गेले. म्हणाले, "एवढ्या पट्टीत काही दिसणार नाही. शेजारची मिळव, नाहीतर विषय बदल." पेरणी पंधरा दिवसांवर. विषय बदलला की वर्ष गेलं.

शेजारची पट्टी माझ्या धाकट्या जावेची. त्याच धुऱ्यावरून आमचं बोलणं बंद होतं.

"मी जाते चुलतआजीकडं," नात म्हणाली.

"तू गप बस," म्हणाले आणि मीच गेले.

जाऊ अंगणात तूर पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"जाऊबाई, वाट चुकलाव का?"

"धुरा काढायचा हाय."

"कोणता?"

"किती धुरे हायत आपल्यात?"

आता सूप थांबलं. "ज्याच्यापायी सगळ्या गावाफुडं मला चोर म्हणलाव, त्यो?"

"हाव, त्योच."

"त्यो दोन हात माझ्या रानात सरकलाय. ते आधी कबूल करा."

"सरकलाय. मीच कोरायला लावला. दर साली थोडा थोडा."

तिनं सूप खाली ठेवलं. मग हसायला लागली. "एवढ्या वर्षांनी! ते बी पोरीच्या परीक्षेपायी!"

"परीक्षेपायीच. न्हाईतर आले नसते."

"दोन हात माझे मला. पहिल्या जागेवर दगड पुरा, मग काढा धुरा."

दगड पुरले. लेकानं तोंड वाकडं केलं, मी बघितलं नाही. मग धुरा काढला आणि खुंट्यांच्या रेषेनं पेरणीची तिफन दोन्ही रानांतून वळणं घेत आडवी गेली. रस्त्यावरून एक जण ओरडला, "म्हातारे, तिफन पिऊन आलीया काय?"

मी बोलायच्या आत जाऊच म्हणाली, "शिकलेली हाय ती! तुझ्यावानी उताराला लागत न्हाई."

पुढे एकदा जोराचा पाऊस झाला. नातीनं ओढ्याच्या काठी दोन बरण्या भरल्या. एकीत पलीकडच्या, उभ्या पेरलेल्या रानातलं पाणी, अगदी चहासारखं. दुसरीत आमचं. त्यातून पलीकडची बोटं दिसत होती. तिनं दोन्ही बरण्या कॉलेजात नेल्या. शेवटी सर पुन्हा रान बघायला आले. तिच्या खुंट्या, वही, उगवलेल्या ओळी सगळं तपासलं आणि तिथंच तिला पास म्हणून सांगितलं.

निघताना त्यांनी आम्हाला विचारलं, "आता धुरा परत घालणार का?"

"कशाला?" जाऊ म्हणाली. "जाऊबाई पुन्यांदा कोरतील."

मला राग आला नाही. कोरलाही असता. म्हणूनच ते दगड मी कमरेइतके खोल पुरून घेतलेत.