रिबेट धरून शेवटचं किती?

ताईचा उजवा पाय लहानपणापासून अधू. कपडे आल्टर करायचं दुकान ती एकटीच्या जिवावर चालवते, पण तिथे पोचायला कोणीतरी सोडायला लागतं. कोणीतरी म्हणजे मी, नाहीतर मामा. आम्ही उशीर करायचा, गिऱ्हाइकांच्या शिव्या तिने खायच्या आणि वर आम्हीच तिला सांगायचं, जरा धीर धर!

एका कारवर कंपनीने रिबेट काढलं, तेव्हा तिने ती गाडी घ्यायचं ठरवलं. रिबेट म्हणजे कंपनी स्वतःच्या खिशातून ग्राहकाला देते ती सूट. शोरूमचा त्यात छदामही नसतो. त्या पैशांतून ती हाताने चालवायचे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर बसवून घेणार होती. ते नसतील तर गाडी नुसती दारात उभी राहणार.

आमच्या घरात घासाघीस करायचा मान मामांचा. शोरूममध्ये खुर्चीत बसल्या बसल्या ते सेल्समनला म्हणाले, "रिबेट धरून शेवटचं किती, ते बोला."

तिथेच माती खाल्ली. सेल्समनचा चेहरा खुलला. त्याने सुस्कारे सोडले, दोनदा मॅनेजरकडे जाऊन आल्यासारखं केलं आणि "खास तुमच्यासाठी" म्हणत कागद पुढे सरकवला. मामांची कॉलर ताठ. ताईने कागद वाचला. छापील किमतीतून फक्त रिबेट वजा केलं होतं, आणि पॉलिश, मॅट असलं काहीबाही लावून त्यातलंही अर्धं परत गिळलं होतं. पैसा कंपनीचा आणि मोठेपणा या लेकाचा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मामा पडलेल्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे गं. ब्रेकचं पुढे बघू. तोवर मी सोडत जाईन तुला."

"सोडत जाईन?" ताई कडाडली. "चाळिशी आली माझी, मामा! अजून किती वर्षं तुमच्या हॉर्नची वाट बघू?"

अख्खं शोरूम वळून बघायला लागलं. तिने सेल्समनकडे मोर्चा वळवला. "रिबेट मला कंपनी देतेय, तुम्ही नाही. आधी तुमची किंमत बोला, मग त्यातून ते वजा करा. आणि पॉलिश तुमच्या टेबलाला मारा. नाहीतर मी चालले दुसरीकडे."

या वेळी तो खरोखर मॅनेजरकडे गेला. आला तेव्हा पॉलिश आणि मॅट उडाली होती, किंमत थोडी उतरली होती आणि रिबेट खाली वेगळं, पूर्ण लिहिलं होतं. ब्रेकचं भागत होतं. ताईने सही केली.

मामांना लगेच हुरूप आला. "गाडी आली की पहिल्यांदा मी चालवून दाखवतो तुला."

"नको," ताई म्हणाली. "तुम्ही मागे बसायचं."