शेंदराखालचा आकडा

दादा गेल्याचं सांगायला माहेराहून, आसेगावहून गडी आला, तेव्हा मी अकोल्याच्या घरी अंगणात गहू पाखडत होते. त्याला पाण्याचा तांब्या दिला, तर त्यानं घेतला नाही. "राहू द्या बाई," म्हणाला आणि अंगणाच्या फाटकाबाहेरच उभा राहिला. मयताची खबर आणणारा पाणी घेत नाही, तेवढ्यावरून कळलं. मला रडू आलं नाही, रागच आला... दादाचा, मायचा आणि त्या बिडाच्या करवतीचा. महिना होत आला, तो राग अजून जात नाही. तो कोणावर काढायचा हेही कळत नाही.

आमचं घर सुतारकीचं. नांगर, तिफण, बंडीची चाकं. वडील गेल्यावर दादानं ते सगळं सांभाळलं आणि एक दिवस बंद पडलेल्या जिनिंग फॅक्टरीच्या लिलावातून विलायती करवत घेऊन आला. खाली बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं पोट, वर बिडाचंच सपाट टेबल आणि टेबलाच्या फटीतून डोकावणारी दातेरी चकती. दोन बंड्या जोडून ती गावात आणली तेव्हा लोक लग्नाची वरात बघावी तसे जमले होते. इंजिनाचा पट्टा चढवला आणि हातकरवतीनं चिरायला अख्खा दिवस खाणारं लाकूड आमच्या डोळ्यांदेखत दुभंगलं. दादा असा हसत होता की जणू यंत्र त्यानंच ओतलंय. मी चिडवलं, "वहिनी आणली तवा असा हसला नव्हतास." वहिनी पहिल्या बाळंतपणातच गेली होती, पण हे बोललेलं त्याला चालायचं. माझं सगळंच त्याला चालायचं.

त्याच वर्षी चकतीनं एक फळी उलटी भिरकावली. ती दादाच्या कानाला चाटून मागच्या पत्र्यात घुसली. कान फाटला, दादा वाचला. मायनं मात्र निराळाच अर्थ लावला. तिच्या मते यंत्रात काहीतरी होतं आणि त्यानं तिच्या लेकाला जीवदान दिलं होतं. खंडेनवमीला आम्ही सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहतो. तिनं यावेळी तेलात शेंदूर कालवला आणि करवतीच्या पोटावर जिथं उंच उठलेली इंग्रजी अक्षरं-आकडे होते, नेमका तिथंच फासला. "थे त्याचं तोंड हाय," म्हणाली. पुढं दर अमावास्येला शेंदराचा नवा हात बसू लागला. गाडीवान नारळ फोडू लागले, वहाणा बाहेर काढू लागले. दादा हसायचा. आम्ही सगळेच हसायचो.

जर्मनीची लढाई सुरू झाली, विलायतेचा माल येणं थांबलं आणि त्यानंतर काही दिवसांनी करवत मोडली. कुणीतरी भूत बांधायला म्हणून चिंचेच्या झाडात कधीकाळी खिळा ठोकला होता, तो आत मुरला होता. त्याच झाडाचं लाकूड चिरताना चकती त्यावर अडली आणि तिचा आस ज्या बिडाच्या बैठकीत फिरतो, ती बैठकच तडकली. घडीव लोखंड असतं तर लोहारानं जोडलं असतं. बीड पुन्हा सांधत नाही. दादानं दोन्ही तुकडे धोतराच्या फडक्यात बांधले आणि फिरायला लागला. मंगरूळपीरची, कारंज्याची, वाशीमची भंगाराची दुकानं झाली, जिनिंगच्या मागचे ढिगारे झाले. कुठं बैठक मिळाली तर भोकं जुळत नसत, भोकं जुळली तर उंची जुळत नसे. शेवटी तुटक्या तुकड्यांवरूनच साचा पाडून एका ओतारीकडून नवी ओतून घेतली. पण बीड थंड होताना आकसतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. नवी बैठक केसभर बारीक निघाली, आस तिरपा बसला, चकती फटीला घासून ठिणग्या उडू लागल्या. दादानं इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसून राहिला.

मग दादानं मुंबईच्या एका एजंटाला पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं तेही लढाई संपल्यावर. त्या कारखान्याच्या तीन प्रकारच्या करवती आहेत, प्रत्येकीची बैठक वेगळी. जुना माल शिल्लक आहे, यंत्राच्या पोटावरचा नंबर तेवढा कळवा. नंबर! तो शेंदराखाली, बोटभर जाड थराच्या आत. लिलावाच्या कागदावर 'करवतयंत्र एक' एवढंच. दादाला सुरुवातीचा एक आकडा आठवत होता, पुढचे नाही. त्यानं शेंदूर खरवडायला पटाशी घेतली आणि मायला सांगितलं.

माय उठून यंत्रासमोर जाऊन बसली. "देवाच्या अंगाले पातं लावतं काय रे? त्यानं तुले राखलं."

"माय, मी फक्त आकडा पाहतो. मंग तूच नवा शेंदूर लाव."

"त्याच्या मनात आलं त थो आपसुक खोळ टाकते. तवा पाह्य. तू हात लावला त मी अन्न सोडीन."

अन् ती सोडणारी होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी दादाला म्हटलं, "ती देवळात गेली की खरवड नं. तुले कोण पाह्यते?" तो म्हणाला, "तिले समजन वं. तिच्यापुढं जेवाले कसा बसू मी?" देव त्यानं कधीच मानला नाही, मायला मानलं. पटाशी खुंटीवर गेली आणि माझा शहाणा भाऊ शेंदराची खोळ पडायची वाट पाहत बसला. उन्हाळ्यात देवाची खोळ, म्हणजे साचलेला शेंदूर, तडकून गळते, हे त्यानंही ऐकलं होतं. रोज सकाळी फडक्यानं टेबल पुसायचा, बोटानं शेंदूर दाबून बघायचा. दर अमावास्येला माय वर नवा थर द्यायची. तो तिला कधी नको म्हणाला नाही... आणि मी तरी काय म्हणणार होते?

यंदा त्याला ताप आला आणि उतरलाच नाही. मी गेले तेव्हा ओसरीवर खाट होती, भिंतीपलीकडं करवतीचा पत्र्याचा टपरा. अंगात माणूस उरला नव्हता. मी औषधाचं विचारत होते आणि तो मला विचारत होता, "शांते, खोळ पडली काय वं?"

मी जाऊन बघून आले. "नाई रे दादा."

"पडन," म्हणाला. "ऊन तापून राह्यलं." चुलीपाशी माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, पुन्हा सुरू झाला. मुलांची शाळा होती म्हणून मी दुसऱ्या दिवशी परतले. तेच शेवटचं.

आसेगावला तेराव्याचं झालं, पाहुणे पांगले. दुपारी टपऱ्यातून खर्र खर्र आवाज आला म्हणून गेले, तर माय करवतीसमोर मांडी घालून बसली होती. हातात दादाची पटाशी. मांडीवर, लुगड्यावर शेंदराच्या खपल्या पडल्या होत्या, बोटं लाल झाली होती. ती खालीच बघत खरवडत राहिली. मधेच म्हणाली, "ज्याच्यासाठी लावला व्हता, थोच नाई राह्यला." शेवटी पदरानं पुसून तिनं जागा केली. काळ्या बिडावर अक्षरं नवी असावीत तशी उठून दिसत होती.

"वाच बाई," ती म्हणाली.

मी नंबर वाचला. पहिला आकडा दादाला बरोबर आठवत होता.

"अशी नाई." ओसरीच्या भिंतीकडं तिनं मान वळवली, जिच्या पलीकडं आता खाट नव्हती. "त्याले आयकू येईन अशी वाच."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं वाचला.