पाण्याखालची बैलगाडी

धरणाचं पाणी आमच्या गावावर चढलं, त्या साली माझ्या वडलांच्या हातून थोरल्या चुलत्यांची बैलगाडी बुडाली. दोर कापून बैल तेवढे वाचवले, गाडी गेली, एवढंच वडील सांगत. चुलत्यांना काही ते पटेना. लाकूड पाण्यावर तरंगतं, मग गाडी वर का आली नाही? त्यांनी खुशाल ठरवून टाकलं, की भावाने ती तळेगावच्या बाजारात विकली. आम्ही भाजे गावात येऊन राहिलो, तर 'गाडीचोर' हे नाव तिथंही पाठोपाठ आलं. बारा वर्षं चुलते आमच्याशी बोलले नाहीत. आणि वडील? तोंडात मिठाची गुळणी! मला असा संताप यायचा!

मग एका उन्हाळ्यात लोणावळ्याच्या त्याच धरणाचं दार अडलं, म्हणून मुंबईहून पाणबुड्या आणला. डोक्यावर पितळेचं घमेलं, त्याला हवेची नळी. अख्खं गाव भाकरी बांधून बघायला गेलं, चुलतेसुद्धा. पाणबुड्या वर आला आणि म्हणाला, खाली गाळात बैलगाडी उभी आहे.

अगं बाई! धरणावरच्या साहेबाच्या हातापाया पडून आम्ही गाडीला साखळी लावून घेतली. पुरुष दोर ओढू लागले. बायकांनी हात लावू नये म्हणाले. मी कसली ऐकतेय! कडेवरचं पोर आईकडे दिलं, पदर खोचला आणि लागले ओढायला. आधी दांडी दिसली, मग चाकं. चुलत्यांनी आपली गाडी लांबूनच ओळखली. आत करकचून बांधलेलं होतं आईचं जातं, पाटा आणि उखळ. तरंगणार कशी ती?

गाव सोडताना ही धोंड कशाला ओढायची, म्हणून वडील चारचौघांत आईवर खेकसले होते. आणि मग गुपचूप तीच आणायला माघारी गेले होते! चोर म्हणवून घेतलं, पण बायकोच्या जात्यापायी भावाची गाडी घालवली हे सांगायची लाज वाटली. काय म्हणावं या पुरुषांना!

चुलते धाकट्या भावाच्या पायाशी वाकले. वडलांनी त्यांना वरच्यावर धरलं, आणि हसूही लागले. तेवढ्यात आई पुढे आली.

"मला तरी सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "बारा वर्सं मी बी तुमाला चोरच समजत व्हते."

बारा वर्षं गावाचं निमूट ऐकून घेतलेला माणूस तिथंच मटकन खाली बसला.