बशीरमामूचा सिंह

मोहल्लेवाल्यांनो, वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लिहितोय.

बशीरमामू मोंबासाहून परतल्यापासून चहाच्या हॉटेलात रोज त्याच्या गप्पांतला सिंह जीपवर पंजे टाकतो. वर चारचौघांत मला म्हणतो, "तू तर मांजरालापण घाबरतोस!"

आता मी बोटीने मोंबासामार्गे बहिणीकडे नैरोबीला निघालोय, खास सिंह बघायला. आफ्रिकेला जाणाऱ्याच्या ट्रंकेत अख्खा मोहल्ला पुडकी कोंबतो. आज मामूही मोंबासातल्या आपल्या मुलीसाठी सुके बोंबील घेऊन आला. निघताना हळूच म्हणाला, "सिंहाचा एक फोटो आण रे. गोदीतून सुट्टीच नाय मिळाली, बघायचा राहूनच गेला."

बोंबील पोचवीन. फोटोही आणीन, पण त्याच्या हातात देणार नाही. हॉटेलात त्याच्याच खुर्चीच्या वर टांगणार.

फोटोखाली काय लिहू? खडू इथेच ठेवलाय.