कावळ्यांसाठी घेतलेली बंदूक

जे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. ज्या कावळ्यांना मारायचा सरकारी परवाना माझ्या नावावर होता, त्यांनाच मी तीन महिने रोज सकाळी भात घालत होतो. तोही ज्या शेतासाठी परवाना होता, त्याच शेताच्या बांधावर. त्याचं फळ भोगलं ते शेताच्या मालकाने.

सुरुवात सोन्यापासून झाली. आम्ही आयर्लंडमध्ये नावनला राहतो. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास आमच्या ओळखीच्या एका घरात चोरी झाली. टीव्ही, लॅपटॉप जागच्या जागी, फक्त दागिने गेले. आपल्या लोकांच्या कपाटात सोनं असतं हे चोरांना कळलंय, असं व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं. कुणी कॅमेरे लावले, कुणी बँकेत लॉकर शोधायला लागलं. मी आयुष्यात कधी गल्लीतल्या कुत्र्यावर दगड उचलला नव्हता. मी ठरवलं, शॉटगन घ्यायची.

ठरवलं म्हणजे आधी एक्सेल शीट केली. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर माणूस दुसरं काय करणार? पंप-ॲक्शन बंदुकीत नळीखालची मूठ मागे ओढून पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत बसतं. शेवटी दोन अमेरिकन मॉडेल उरली, दोन्ही जुनी, लाखोंनी खपलेली. एकीचं अंग पोलादी आणि जड, तिचा सुरक्षेचा खटका चापाच्या मागे आडवा. दुसरीचं अंग ॲल्युमिनियमचं, हलकं, आणि खटका वर पाठीवर, अंगठ्याखाली येणारा. पहिलीचे भक्त म्हणत, पोलाद ते पोलाद. दुसरीचे म्हणत, घाबरलेल्या माणसाला अंगठा आपोआप सापडतो. मी घाबरलेल्या माणसाच्या बाजूने झुकत होतो.

मग प्रश्न नळीचा. घराच्या रक्षणाला आखूड नळी, साडेअठरा इंच. शिकारीला लांब, अठ्ठावीस. एका रविवारी फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्यावर मी बंदुकीच्या पूर्ण लांबीची खूण केली, खुणेपाशी धरला आणि जिन्यावरून खाली वळून पाहिलं. अठ्ठावीस इंची बंदूक कठड्याला अडकत होती. तिसऱ्यांदा वळताना भिंतीवरचा गणपतीचा फोटो पडला.

"काय चाललंय?" बायकोने खालून विचारलं.

"माप घेतोय."

"मॉपचं?"

"चोर आला तर वळता यायला पाहिजे."

"चोर आला तर तू आधी चष्मा शोधशील," ती म्हणाली. "तोवर मीच त्याला चहा विचारते."

मुलगी पायरीवर बसून बघत होती. "डॅड, यू आर ॲक्च्युअली मॅड," एवढं बोलून ती फोनमध्ये परत गेली.

तरीही शीट घेऊन मी बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार साठीचा, स्वेटरची कोपरं झिजलेली. त्याने माझे अकरा कॉलम शांतपणे वाचले आणि विचारलं, "कशासाठी हवीय?"

"घराच्या रक्षणासाठी. जमलं तर शिकारीलाही."

त्याने कप खाली ठेवला. "पहिलं वाक्य मी ऐकलं नाही. तू ते बोललाच नाहीस. पोलीस ठाण्यात तर अजिबात बोलू नकोस."

मग त्याने मला सगळं समजावलं. या देशात घराच्या रक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळत नाही. शिकार, पिकाचं किंवा जनावरांचं रक्षण, नेमबाजी, एवढीच कारणं चालतात. चोवीस इंचांपेक्षा आखूड नळी साध्या परवान्यात बसत नाही. तीनपेक्षा जास्त काडतुसं मावणारी पंप-ॲक्शनही नाही. बंदूक भिंतीला बोल्ट केलेल्या पोलादी पेटीत, काडतुसं वेगळी, तीही कुलुपात.

"म्हणजे चोर आला तर त्याला थांब म्हणावं लागेल," मी म्हणालो.

"आणि तो थांबला तर ग्रँड," तो म्हणाला. "आता मला सांग, तुझ्या ओळखीत कुणाची जमीन आहे का?"

खरं तर तिथेच घरी यायला हवं होतं. माझ्या शीटमधल्या निम्म्या कॉलमांना आता काही अर्थ नव्हता. पण एवढा अभ्यास झाल्यावर वस्तू न घेता परतणं आमच्याकडे जमत नाही. मी आखूड नळीचा कॉलम काढून टाकला आणि जमीन शोधायला लागलो.

जमीन आमच्या वसाहतीच्या मागेच होती. म्हातारा शेतकरी, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, चाळीसेक मेंढ्या. त्याचे सरकारी फॉर्म मी दोनदा ऑनलाइन भरून दिले होते, त्यावर आमची ओळख. त्याच्या स्वयंपाकघरात बसून मी हळूच विषय काढला, तुमच्या शेतात काही मारण्यासारखं आहे का?

"ग्रे क्रो," तो लगेच म्हणाला. "मेंढी विताना आडवी पडते ना, तेव्हा ते येतात. कोकरू पुरतं बाहेर पडायच्या आत त्याचे डोळे काढतात. माझे हात आता कापतात, मी बंदूक विकून टाकली." मग माझ्याकडे बघून, "तुला येते का चालवता?"

इथे मी म्हणालो, "माझे वडील शिकारी होते. लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो."

का म्हणालो, ते आजही मला नीट सांगता येत नाही. त्याने नाही म्हणू नये म्हणून, एवढंच. माझे बाबा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून होते. ताटातला पहिला घास कावळ्याला ठेवल्याशिवाय ते जेवत नसत. उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याची मातीची थाळी ठेवत आणि ऑफिसातून फोन करून आईला विचारत, पाणी बदललंस का? त्या माणसाला मी एका वाक्यात शिकारी केला.

म्हाताऱ्याने खिशातून चष्मा काढला, माझ्या अर्जासोबतचं संमतीपत्र सावकाश वाचलं आणि सही केली. "शिकाऱ्याचा मुलगा," तो म्हणाला. "मग तुला शिकवायला नको."

एक दिवसाचा कोर्स झाला, पोलीस येऊन पेटी बघून गेले, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परवाना हातात पडला. कोकरांचा मोसम संपला होता, त्यामुळे त्या वर्षी माझी परीक्षा टळली. पाठीवर खटका असलेली हलकी बंदूक घेतली, अठ्ठावीस इंची. पेटीला भक्कम भिंत लागते आणि आमच्या घरात तशी एकच, वरच्या छोट्या खोलीत, जिथे देव्हारा आहे. त्यामुळे पेटी देवांच्या शेजारी आली. येणारे पाहुणे तिला बॉयलर समजत आणि देवांना नमस्कार करून जात. पेटीच्या वरच्या कप्प्यात बायकोने आठवड्याभरात सगळं सोनं हलवलं.

"दोन कुलुपं, भिंतीत चार बोल्ट," ती म्हणाली. "ही पेटी नुसती मिळत नव्हती का?"

मिळत होती. हार्डवेअरच्या दुकानात. पेटीच्या किल्ल्या कायद्याने फक्त माझ्याकडे, म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशी ती जिन्यातून ओरडायची, "अरे, बंदूक उघड, मला पाटल्या हव्यात!" खंडेनवमीला दरवर्षी आम्ही लॅपटॉपची पूजा करतो. त्या वर्षी पहिल्यांदा खरं शस्त्र होतं. नळीला झेंडूची फुलं वाहिली, दस्त्यावर कुंकू लावलं. तोवर त्या बंदुकीतून कोर्सच्या बाहेर एकही गोळी सुटली नव्हती.

डिसेंबरात बाबा गेले.

मी पोचलो तेव्हा अग्नी देऊन झाला होता, भावाने दिला. दहाव्याला मात्र कन्हानच्या काठावर मी होतो. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले, आणि कावळा शिवेना. झाडावर सात-आठ बसले होते. खाली उतरायचे, चार पावलं जवळ यायचे, परत उडून जायचे. भाऊ हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला मी सांभाळीन." काका म्हणाले, "घराचं काही राहिलं असेल का?" आत्या म्हणाली, "नातीचं लग्न बघायचं होतं त्यांना." प्रत्येकाने काहीतरी कबूल केलं. तास झाला. गुरुजींना पुढच्या विधीला जायचं होतं, ते दर तीन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

भाऊ माझ्याकडे वळला. "तू काही बोल ना. तू थोरला आहेस."

मला माहीत होतं काय बोलायचं ते. बाबा, मी तुम्हाला शिकारी केलं, कावळे मारण्यासाठी केलं, मी ते दुरुस्त करीन. एवढ्या लोकांत ते तोंडातून बाहेर पडलं नाही. मी म्हणालो, "मी वरचेवर येत जाईन." ते ऐकून एक कावळा उडूनच गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि आम्ही आंघोळीला गेलो.

परत आल्यावर मी रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी डब्यात थोडा भात घेऊन म्हाताऱ्याच्या बांधावर जायला लागलो. आमच्या अंगणात ठेवला असता तर बायकोने विचारलं असतं. तिथे कुणी विचारणारं नव्हतं. इथला ग्रे क्रो आपल्या कावळ्यापेक्षा मोठा, पण अंगाने राखी, डोकं आणि पंख काळे. लांबून बघितलं तर आपल्या गच्चीवरचा वाटावा. पहिल्या दिवशी दोन आले आणि ठेवताक्षणी भाताला शिवले. मी तिथे थंडीत उभा राहून रडलो. मग चार, मग दहा. फेब्रुवारीत माझी गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकूनच बांधावर रांग लागायची. मला वाटायचं, बाबा जेवतायत. दही घालून न्यायला लागलो.

ते शेत कुणाचं आहे आणि मार्चमध्ये तिथे काय होतं, हे मला माहीत होतं. नव्हतं असं म्हणायची सोय नाही, माझ्याच अर्जावर ते कारण म्हणून लिहिलं होतं. पण सकाळचा मी आणि अर्जातला मी, या दोघांची गाठ मी पडू दिली नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात म्हाताऱ्याचा फोन आला. "बंदूक घेऊन ये. असं वर्ष मी पाहिलं नाही."

मी गेलो. गोठ्याच्या दाराशी पोत्यावर दोन मेलेली कोकरं होती. डोळ्यांच्या जागी काय होतं ते मी लिहीत नाही. तिसरं जिवंत होतं, एक डोळा गेलेला, ते त्याने स्वयंपाकघरात चुलीजवळ खोक्यात ठेवलं होतं.

"कळत नाही, कशाने जमतायत इतके," तो म्हणाला. "खायला काहीतरी मिळत असणार त्यांना."

आम्ही शेतात गेलो. कुंपणावर वीस-पंचवीस बसलेले. बंदूक घेतलेला माणूस दिसला की हे पक्षी दोन शेतं पलीकडे जातात. त्या दिवशी मात्र ते उठले आणि माझ्याकडे आले. दहा पावलांवर गवतात उतरले, एक तर उड्या मारत माझ्या बुटापर्यंत. मान तिरकी करून माझ्या हाताकडे बघत होता. डबा शोधत होता.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. "तुला घाबरत नाहीत," तो म्हणाला.

मी बंदूक खांद्याला लावली, चाप ओढला. काहीच झालं नाही.

"अडकलीय," मी म्हणालो.

या बंदुकीबद्दल मी वाचलेल्या प्रत्येक लेखाचं एका गोष्टीवर एकमत होतं, की ती अडकत नाही. म्हाताऱ्याने वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "खटका. वरचा. तो युअर मॅन पुढे ढकल." इथले लोक वस्तूलाही असंच 'युअर मॅन' म्हणतात. घाबरलेल्या माणसाला आपोआप सापडतो म्हणून घेतलेला खटका.

ढकलला. आणि त्यांच्या डोक्यांवरून, ढगात, गोळी झाडली. कावळे उडाले. मूठ ओढली, रिकामं काडतूस गवतात पडलं. दुसरी गोळी मी झाडली नाही.

म्हाताऱ्याने ते काडतूस उचलून खिशात घातलं. परतताना एकदाच बोलला. "वडील गेल्यावर हात चालत नाही, मला ठाऊक आहे. ते शिकारी होते ना. तुला त्यांची आठवण आली असणार." आणि माझ्या दंडावर थोपटलं. "आलास, तेवढं पुरे."

त्या दिवसापासून भात बंद केला. कावळे महिनाभर सकाळी बांधावर येऊन बसत, मी गाडी न थांबवता जायचो. शेवटी त्याच्या पुतण्याने येऊन चार मारले, मग बाकीचे पांगले. एका डोळ्याची ती मेंढी आता मोठी झालीय. मी कुंपणाशी गेलो की चांगला डोळा माझ्याकडे येईल अशी मान वळवते. बंदूक पेटीत आहे, सोन्याखाली. चोर अजून आलेला नाही.

या महिन्यात परवान्याची मुदत संपतेय. नवा अर्ज करायचा तर पुन्हा त्याची सही लागेल. परवा तो वाटेत भेटला तेव्हा स्वतःच म्हणाला, "कागद घेऊन ये, करतो सही." मी बरं म्हणालो. कागद मी नेणार नाही, बंदूक दुकानदाराला परत देणार आहे, पण त्याने माझी सुटका होत नाही.

त्याच्या स्वयंपाकघरात, त्याच्यासमोर बसून दोन वाक्यं सांगायचं मी देणं लागतो: माझे वडील शिकारी नव्हते, आणि त्या वर्षी कावळ्यांना मी जमवलं होतं. अजून सांगितलेली नाहीत.