बिरूचा टाक

बहात्तरच्या दुष्काळात ईटच्या धनगरवाड्यातला बिरू मेंढरं घेऊन भीमेच्या काठाकडं गेला. मागं बायको म्हाळसाबाई, अंगावर पिणारी तारामती आणि बिरूची आई जाईबाई. म्हाळसाबाई सडकेच्या कामावर खडी फोडायची. तिथं खायला सुकडी मिळाली की निम्मी सासूच्या ताटात टाकायची.

उन्हाळा सरताना बिरूचा चुलतभाऊ व्यंकट थोडी हाडकी मेंढरं हाकत परतला. एकटाच. तळावर पटकीची साथ आली, माणसं पांगली, बिरू तापानं बाभळीखाली बसला होता, असं त्यानं सांगितलं. पाणी घेऊन तो आला तेव्हा बाभळीखाली कुणी नव्हतं.

"पर तुमी सोडलं तवा जित्ता हुता?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"व्हय, वहिनी. जित्ता हुता."

एवढ्या शब्दावर ती कुंकू लावत राहिली.

धनगरवाड्यातली रीत अशी, की मेलेल्या पुरुषाचा चांदीच्या पत्र्यावर टाक घडवायचा आणि देव्हाऱ्यात बसवायचा. मग तो घरचा पूर्वज होतो आणि सणावाराला त्याला निवद मिळतो; टाक नसला तर त्याचा जीव उपाशी हिंडतो. ज्याचं प्रेत हाती लागलं नाही, त्याचा टाक बसला की भावकी त्याला मेला असं धरते, आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोचं कपाळ पांढरं होतं. जाईबाईला टाक हवा होता. म्हाळसाबाईला नको होता. एका चुलीवर जेवणाऱ्या दोघी बायका त्यावरून वर्षानुवर्षं झुंजल्या.

"तुला तुझ्या कुंकवाची पडलीय," जाईबाई म्हणायची. "माझं लेकरू दारोदार उपाशी हिंडतंय."

"तुमीच त्याला मारायला बसलाव, आत्याबाई. उद्या दारात उभा राहिला तर काय म्हणताव?"

"म्हणंन, ये बाबा, जेव."

पुढं गावात दुधाची सोसायटी निघाली. म्हाळसाबाईनं उरलेली मेंढरं विकून म्हैस घेतली, म्हशीच्या दोन झाल्या. पहाटे किटली डोक्यावर घेऊन ती रांगेत उभी राहायची, आणि दूध मोजणारा शांतलिंग तिचं दूध सगळ्यांच्या आधी घ्यायचा. सकाळी पहिलं माप सवाष्णीचं असलं की दिवस बरा जातो, असं तो मानायचा. विधवा बाया पोराटोरांच्या हाती दूध धाडायच्या. म्हाळसाबाईच्या घरी धाडायला कुणी नव्हतं. तारामतीला तिनं शाळेला घातलं होतं, आणि शाळा सोडवायची नाही हे तिनं पक्कं ठरवलं होतं.

रांगेतली बनाबाई एकदा म्हणाली, "म्हाळसे, तुझं कुंकू दिवसेंदिवस मोठं व्हायलंय. दादल्याला भीमेकाठून दिसावं म्हणून का?"

"दिसलं तर बरंच हाय. किटली उचलायला तरी यील."

बाया हसल्या. म्हाळसाबाईही हसली. घरी येऊन मात्र ती बराच वेळ म्हशीच्या अंगाला टेकून उभी राहिली.

शहाऐंशीच्या आसपास पुन्हा पावसानं दगा दिला. विहिरी तळाला गेल्या, गुरांच्या छावण्यांची बोलणी सुरू झाली. भाकरीचा वास आला तरी जाईबाई तोंड फिरवू लागली. बहात्तर तिच्या डोक्यात परत आला होता.

"बिरू जेवला न्हाय. म्या कशी जेवू?"

म्हाळसाबाईनं दटावलं, विनवलं, दुधात भाकरी कुस्करून तोंडाशी नेली. म्हातारीनं दात उघडले नाहीत. धाकटा दीर गुंडाप्पा येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, आई मेली तर गाव तुमच्या तोंडात शेण घालंल. बघा तुमी."

"गाव मला दूध पाजतं का, की मी गावाला?" म्हाळसाबाई म्हणाली. पण आत सासू भिंतीकडं तोंड करून पडली होती. लग्न होऊन आली तेव्हा केसांना तेल लावणारी, तारामतीच्या वेळच्या बाळंतपणात रात्ररात्र शेकणारी तीच होती.

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई परंड्याला गेली. सोनारानं चांदी मागितली. तिनं दुकानाच्या पायरीवर बसून पायांतली जोडवी काढून दिली.

"बाई, हे घरी उतरवायचं असतं," सोनार हळू म्हणाला.

"घरी उतरवायचं तर चार बाया रडायला लागत्यात. मला सांजंच्या धारंच्या आत घर गाठायचंय."

टाकावरचा घोड्यावरचा पुरुष बिरूसारखा अजिबात दिसत नव्हता. बिरू आयुष्यात घोड्यावर बसला नव्हता. भावकी जमली, तांदळावर टाक बसला, बांगड्या गोठ्यामागं फुटल्या. जाईबाईनं निवद ठेवला, आणि मग स्वतः ताटावर बसून दोन भाकरी खाल्ल्या. म्हाळसाबाई वाढत राहिली.

पहाटे ती नेहमीसारखी किटली घेऊन निघाली. बनाबाईनं पदर पुढं ओढला. शांतलिंगनं माप दुसऱ्या बाईच्या किटलीत बुडवलं, मग तिसरीच्या. म्हाळसाबाई होती तिथंच उभी राहिली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिची पाळी येईतो कॅन चढले होते.

"उद्यापासनं पोरीला धाडा," शांतलिंग जमिनीकडं बघत म्हणाला. "तुमाला कशाला तरास."

"पोरगी शाळंत जाती. म्याच येनार, शांतलिंगअण्णा. उद्याबी."

भरली किटली तशीच घेऊन ती परतली. जाईबाई ओट्यावर उन्हाला बसली होती.

"दूध का गं माघारी?"

"गाडी लवकर गेली, आत्याबाई."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "तापव. बिरूला साय लई आवडायची."

म्हाळसाबाईनं चूल पेटवली आणि दूध वर ठेवलं.