बुटकी टेकडी

दोन हजार चार साली आम्ही ओहायोतल्या डब्लिनला राहत होतो. लेक सहावीत होती. प्राचीन इजिप्तच्या प्रोजेक्टसाठी शाळेत चिठ्ठ्या टाकल्या. वर्गातल्या भाग्यवंतांना पिरॅमिड मिळाले, स्फिंक्स मिळाला. आमच्या घराण्याला मिळाली लक्झरजवळची एक बुटकी टेकडी. पोटात सरदारांच्या कबरी, मागे कारागिरांचं गाव, पुढे शेतात बसलेले दोन दगडी पुतळे.

मी पुण्यात सहा वर्षं मंडळाची आरास केलेला माणूस. टेकडी म्हणजे माझ्या हातचा मळ. शनिवारी थर्माकोल आणून गराजमध्ये मी कामाला लागलो. लेकीला काय करू दिलं? रंगाचे डबे धरू दिले.

"बाबा, इट्स अ लो हिल," ती म्हणाली.

"अगं, लांबून दिसायला नको?"

बायको दारातून म्हणाली, "सहावीत नक्की कोण आहे?" कलेची जाण सगळ्यांनाच नसते, म्हणून मी आणखी एक थर चढवला.

रविवारी संध्याकाळपर्यंत टेकडी माझ्या छातीला लागली. वर मी बर्फही लावणार होतो, पण लेकीने ब्रश लपवला.

सोमवारी सकाळी ती व्हॅनमध्ये मावेना. आडवी घातली, तिरकी घातली, ऑफिसात शिकलेलं सगळं प्रॉब्लेम सॉल्व्हिंग करून झालं. शेवटी लेक घरात गेली, ब्रेड कापायची सुरी घेऊन आली आणि माझ्यादेखत तिने टेकडी कमरेतून कापली. मग बुटाच्या खोक्यातून तिने मातीची इवलीशी घरं काढली. अख्खं गाव तिने आपल्या खोलीत गुपचूप केलं होतं, मला पत्ताच नव्हता.

शाळेतल्या प्रदर्शनात ती पाहुण्यांना सांगत होती: राजांच्या कबरी खोदणारे इथे राहायचे. एकदा त्यांचं धान्य वेळेवर आलं नाही, तर त्यांनी सरळ काम बंद केलं. आमच्या ऑफिसात एवढी हिंमत कुणाची नव्हती, हे मी मनातच ठेवलं. गर्दी मात्र तिच्याच टेबलापाशी होती. पिरॅमिडवाले आईबाप एकमेकांचे पिरॅमिड बघत होते.

बाईंनी मला विचारलं, "तुम्ही मदत केलीत ना?"

मी नम्र चेहरा करून तोंड उघडणार, इतक्यात लेक म्हणाली, "ही मेड द पार्ट वी कट ऑफ."

बाई हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार?